वाड्यावर विचारत जा : छंदांवरचे स्वतंत्र ब्लॉग कसे शोधावेत

चतुर्थीच्या आधीची झाडलोट चालली होती. फोंड्याच्या आमच्या घरात माळ्यावरून वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ खाली आला. मी धूळ पुसली आणि उत्साहाच्या भरात प्लग लावला. डायलमागचा दिवा लागला, हिरवा डोळा अर्धा उघडला, स्पीकरमधून जाड घरघर आली आणि पाठोपाठ जळका वास. तीस-चाळीस वर्षे बंद असलेला संच असा एकदम लावायचा नसतो, हे मला नंतर कळले. ते कुठून कळले त्याची ही हकीकत, आणि त्याच वाटेने तुमच्या आवडीच्या विषयावर लिहिणारी माणसे कशी गाठावीत त्याची कृती.

आधी मी सगळे करतात तेच केले. ‘जुना रेडिओ दुरुस्ती’ असे गुगलवर टाकले. मिळाली ती ‘अँटिक’ रेडिओ विकणारी दुकाने, कानठळ्या बसवणारे व्हिडिओ आणि ‘दहा सोपे उपाय’ छापाची पाने. लिहिणाऱ्याने आयुष्यात एकही रेडिओ उघडलेला नाही हे त्यांच्या तिसऱ्या ओळीतच दिसते. दोन दिवसांनी मी संचाचा मागचा पुठ्ठा काढला आणि व्हॉल्व्हच्या काचेवरची पुसट अक्षरे वाचली : ईसीएच ८१, ईएल ८४, ईएम ८४. हीच तीन नावे, आणि घरघरीला रेडिओवाले म्हणतात तो ‘हम’ हा शब्द, एवढेच सर्चमध्ये टाकले. दुसऱ्या पानावर एका निवृत्त गृहस्थांचा ब्लॉग लागला. घरच्या टेबलावर संच उघडायचा, फोटो काढायचे आणि काय चुकले तेही लिहायचे, असा त्यांचा खाक्या. पॉवर सप्लायमधला कंडेन्सर वर्षानुवर्षे पडून राहिला की सुकतो आणि हम येतो, हे तिथे एका परिच्छेदात मिळाले.

पण खरा लाभ वेगळाच झाला. पानाच्या उजव्या पट्टीत ‘मी वाचतो ते’ या नावाखाली चौदा दुवे होते. एक शॉर्टवेव्हवर दूरदूरची केंद्रे ऐकून त्यांची क्यूएसएल कार्डे, म्हणजे केंद्र ऐकल्याची पोच देणारी पोस्टकार्डे, जमवणाऱ्याचा. एक घराच्या गच्चीवर रोज सकाळी पाऊस मोजणाऱ्याचा. एक फाउंटन पेनांच्या निबांवर लिहिणाऱ्या बाईंचा. दिवाळीपर्यंत मी रेडिओ बाजूला ठेवून पावसाच्या नोंदी वाचत बसलो होतो.

आपल्याकडे घर शोधायची रीत आठवा. घराला नंबर असतो, पण तो पोस्टमन सोडून कोणाला ठाऊक नसतो. तुम्ही तिठ्यावरच्या दुकानात विचारता, दुकानदार वाडा, म्हणजे गावातली वस्ती, सांगतो, वाड्यावर पोदेर (दारोदार पाव विकणारा) भेटला तर तो थेट दारापर्यंतची खूण सांगतो. स्वतंत्र ब्लॉग असेच सापडतात. सर्च इंजिन फक्त तिठ्यापर्यंत नेते. पुढे माणसांनाच विचारत जावे लागते. खालची सगळी पावले या एकाच गोष्टीची आहेत.

पहिले पाऊल : छंदाचे नाव सोडा, आतला शब्द धरा

‘गोव्यातील पक्षीनिरीक्षण’ असे शोधले तर सहलींच्या जाहिराती येतात, कारण हे शब्द विकणाऱ्याचे आहेत. रोज दुर्बीण घेऊन जाणारा माणूस असे लिहीत नाही. तो लिहितो, ‘करमळीच्या तळ्यावर आज अडया उतरल्या’. म्हणून ‘करमळी अडई’ शोधा, ‘बोंडला मलबारी कवड्या धनेश’ शोधा, ‘चोडण खारफुटी खंड्या’ शोधा. जागेचे नाव आणि प्रजातीचे नाव एकत्र आले की जाहिराती मागे पडतात.

हे सगळ्या छंदांना लागू आहे. स्वयंपाकात ‘गोवन रेसिपी’ नको. ‘तायकिळ्याची भाजी’, ‘फागलां’, ‘कोरगुट तांदूळ’ हे शब्द टाका. शेतीपाण्यात रस असेल तर ‘खाजन’ आणि ‘मानस’. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली शेतजमीन. मानस म्हणजे बांधातले ते दार, जे भरतीला बंद होते आणि ओहोटीला उघडते. हा शब्द वापरणाऱ्या माणसाने बांधावर पाय ठेवलेला असण्याची शक्यता फार. पेनांत ‘निब’पेक्षा ‘फीड’ आणि ‘फ्लेक्स’, कॅमेऱ्यात मॉडेलचा आकडा, रेडिओत व्हॉल्व्हचा. बिघाडाची भाषाही कामाची आहे : ‘रेडिओ’ने काही होत नाही, ‘हम’ने होते.

गोव्याच्या विषयांना एक जादा कष्ट आहे आणि तो टाळू नका. आपल्याकडे एकच गोष्ट चार लिपी-भाषांत लिहिली जाते. अळमी, म्हणजे पावसाळ्यात उगवणारी रानातली अळिंबी, मराठीत शोधली तर थोडेच मिळेल. रोमन अक्षरांत ‘ओल्मी’ असे लिहिणारे कितीतरी आहेत. घुमट या वाद्याचे ‘घुमोट’ होते, माणकुराद आंब्याचे ‘मानकुराद’ आणि ‘मालकोराद’ दोन्ही. गावांची नावे तर विचारू नका. फोंडा हा पोंडा आहे, मडगावाची रोमन स्पेलिंगे दोन-तीन आहेत, म्हापशाचीही तीच कथा. मी एका कागदावर प्रत्येक विषयाचे पाच-सहा उच्चार लिहून ठेवतो आणि एकेक करून टाकतो. घरांच्या भिंतींवरच्या निळ्या फरशांसाठी ‘अझुलेजो’ हा पोर्तुगीज शब्द रोमन लिपीत टाकला की लिस्बनमधून लिहिणारे लोकही दिसू लागतात. १९६१ पूर्वी पणजीहून चालणाऱ्या ‘एमिसोरा द गोवा’ या रेडिओ केंद्राच्या आठवणी शोधायच्या तर पोर्तुगीज नावाने शोधलेले बरे. भाषेची भीती नको. ब्राउझरचे भाषांतर ओबडधोबड असते, पण ब्लॉग कामाचा आहे की नाही एवढे ठरवायला पुरते.

जुन्या मराठी पानांची आणखी एक गंमत. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरे, रुळण्याआधीची पाने वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत लिहिलेली असत. ती आज उघडली तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते आणि देवनागरी सर्चला ती सापडतच नाहीत. तिथे सर्च संपतो आणि तिसरे पाऊल सुरू होते.

दुसरे पाऊल : सर्चला वेसण घाला

यात फार वेळ घालवू नका, पण चार गोष्टी हाताशी असाव्यात.

नेमका शब्दसमूह अवतरण चिन्हांत टाका. नको असलेल्या शब्दाआधी उणे चिन्ह लावा, मधे जागा न सोडता. मी ‘बुकिंग’, ‘हॉटेल’ आणि ‘पॅकेज’ हे तीन शब्द गोव्याच्या कोणत्याही शोधातून उणे करूनच सुरुवात करतो. तिसरी गोष्ट, रोमन अक्षरांत ‘साइट’ हा शब्द, लगेच कोलन आणि त्याला चिकटून ब्लॉगस्पॉट डॉट कॉम किंवा वर्डप्रेस डॉट कॉम. असे केले की फक्त त्या जागेवरचेच ब्लॉग येतात. चौथी, ‘बिफोर’ शब्द, कोलन आणि वर्ष. २०१६ च्या आधीचे मागितले तर कृत्रिम बुद्धिमत्तेने पाडलेल्या लेखांचा गाळ एका फटक्यात बाजूला होतो. ताज्या लेखनासाठी अर्थातच ही युक्ती उलटी पडते. पण जुन्या ब्लॉगवरून नव्या ब्लॉगवर जाता येते, म्हणून मी बहुधा जुन्यापासूनच सुरुवात करतो.

गुगलने २०२४ मध्ये निकालांच्या वर ‘वेब’ नावाचा एक पर्याय दिला. तो ‘आणखी’मध्ये लपलेला असतो. तो दाबला की व्हिडिओ, खरेदीचे चौकोन आणि यंत्राने लिहिलेला सारांश जाऊन नुसते दुवे उरतात. आणि निकालांच्या पहिल्या पानावर थांबू नका. माझे रेडिओवाले गृहस्थ दुसऱ्या पानावर होते; पाऊस मोजणारे तर सर्चमध्ये मला कधी दिसलेच नसते.

तिसरे पाऊल : उजवी पट्टी वाचा

सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. एक बरा ब्लॉग सापडला की त्याचा लेख वाचण्याआधी त्याच्या कडेची पट्टी आणि तळ बघा. ‘ब्लॉगरोल’, ‘दुवे’, ‘मी वाचतो’, ‘मित्रमंडळी’, अशा कोणत्याही नावाने ती यादी असते. मोबाइलवर ही पट्टी बहुतेक वेळा दिसतच नाही. पानाच्या अगदी तळाशी ‘वेब आवृत्ती पाहा’ असा दुवा असतो, तो दाबा, नाहीतर ब्राउझरच्या मेनूतून ‘डेस्कटॉप साइट’ निवडा. कित्येक वाचक या एका कारणाने निम्मा ब्लॉग न बघताच परत जातात.

ब्लॉगरवरच्या, म्हणजे ब्लॉगस्पॉटचा पत्ता असलेल्या, ब्लॉगांत ब्लॉग यादीची एक खास सोय आहे. ज्याचे नवे लेखन ताजे तो वर चढतो आणि प्रत्येकाच्या खाली ‘२ दिवसांपूर्वी’, ‘७ वर्षांपूर्वी’ असे लिहून येते. जिवंत कोण आणि गप्प कोण, ते एका नजरेत कळते. लेखकाच्या नावावर टिचकी मारली तर त्याच्या प्रोफाइलवर तो स्वतः कोणते ब्लॉग धरून आहे तेही कधीकधी दिसते.

इथे एक खड्डा आहे आणि मराठी वाचक त्यात हमखास पडतो. काही वर्षे ब्लॉगस्पॉटचे पत्ते भारतात उघडले की आपोआप ‘डॉट कॉम’चे ‘डॉट इन’ व्हायचे. लोकांनी तेच पत्ते उचलून आपापल्या याद्यांत चिकटवले. २०२० मध्ये ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ हे नाव गुगलच्या हातून सुटले आणि ते सगळे दुवे मेले. ब्लॉग मात्र जागच्या जागी आहेत. पत्त्यातले ‘इन’ खोडून ‘कॉम’ लिहा आणि एंटर दाबा. मला अशाने एका संध्याकाळी आठ-नऊ ब्लॉग परत मिळाले, त्यातले दोन अजून लिहिते होते.

तरीही पान उघडत नसेल तर वेबॅक मशीन. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरची पाने साठवते आणि २००१ पासून तो साठा सगळ्यांना खुला आहे. तिथे मेलेल्या ब्लॉगचा पत्ता टाका, कॅलेंडरमधली एखादी जुनी तारीख निवडा, आणि पुन्हा तेच : आधी उजवी पट्टी. मेलेल्या ब्लॉगची दुव्यांची यादी ही माझ्या मते सगळ्यात कसदार जागा. ज्या काळात लोक एकमेकांना जपून वाचत होते त्या काळातली ती शेजाऱ्यांची नोंदवही असते.

उलट दिशेनेही जाता येते. आवडलेल्या ब्लॉगचा पूर्ण पत्ता अवतरण चिन्हांत घालून शोधा. त्याचा उल्लेख करणारे दुसरे कोण, ते दिसेल. आणि लेखाखालच्या प्रतिक्रिया वाचा. ‘छान’, ‘मस्त’ सोडा. ज्याने तीन ओळींची दुरुस्ती सुचवली आहे त्याच्या नावावर टिचकी मारा. दहातल्या चार वेळा तरी त्याचा स्वतःचा ब्लॉग निघतो.

चौथे पाऊल : हाताने लावलेल्या याद्या

गुगलखेरीज लहान शोधयंत्रे आणि याद्या आहेत. त्या मुख्यतः इंग्रजी लेखनाच्या, हे आधीच सांगतो, म्हणजे मराठी शब्द टाकून वैतागायला नको.

‘ऊह डॉट डिरेक्टरी’ ही फिल गायफर्ड या गृहस्थाने २०२२ मध्ये सुरू केलेली ब्लॉगांची सूची. विषयवार कप्पे आहेत आणि प्रत्येक नोंदीपुढे शेवटचे लेखन कधीचे ते दिसते. विणकाम, नकाशे, पक्षी, जुने संगणक असे एकेक कप्पा उघडत जा. ‘मार्जिनेलिया’ हे स्वीडनमधल्या एका प्रोग्रॅमरने उभे केलेले शोधयंत्र जाहिरातींनी लडबडलेल्या पानांना खाली ढकलते आणि मजकूर जास्त असलेल्या साध्या पानांना वर आणते. ‘वायबी’ जुन्या पद्धतीच्या हलक्या पानांसाठी आहे. त्यातले ‘सरप्राइज मी’ दाबत राहिले तर दुपार कुठे गेली कळत नाही. ‘कागी स्मॉल वेब’ हे व्यक्तिगत ब्लॉगांवरचे अलीकडचे लेखन एकेक करून समोर ठेवते आणि त्यासाठी खाते उघडावे लागत नाही.

वर्डप्रेस डॉट कॉमच्या रीडरमध्ये टॅगने शोधता येते, तिथे देवनागरी टॅगही चालतात. ‘भटकंती’, ‘रानभाज्या’, ‘पुस्तके’ हे टाकून बघा. खडे खूप असतात, पण निवडायला हरकत नाही.

पाचवे पाऊल : जिथे ब्लॉग नाहीत तिथे ब्लॉगवाले शोधा

छंदी माणूस एकाच ठिकाणी नसतो. आयनॅचरलिस्ट या, लोकांनी पाहिलेल्या जीवजातींच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर जा, ठिकाण म्हणून गोवा निवडा, आणि फुलपाखरे, बेडूक, कोळी, अळमी यांतला एखादा गट निवडा. वर चार रकाने दिसतात; त्यातला ‘निरीक्षक’ आणि त्याहून महत्त्वाचा ‘ओळखणारे’ हा रकाना उघडा. सगळ्यात जास्त नोंदी ओळखून देणारी पहिली दहा-बारा माणसे म्हणजे त्या विषयातली जाणती मंडळी. त्यांच्या प्रोफाइलवर परिचय असतो आणि कित्येकांनी तिथे आपल्या ब्लॉगचा दुवा दिलेला असतो. शिवाय आयनॅचरलिस्टवर ‘जर्नल’ लिहायची सोय आहे आणि काहीजण तिथेच लांबलचक टिपणे लिहितात. तोही ब्लॉगच म्हणायचा.

विकिपीडियाचा लेख मोठ्या विषयावरचा उघडू नका. अगदी बारीक विषयावरचा उघडा आणि थेट तळाशी ‘बाह्य दुवे’कडे जा. पणसायमळ येथे कुशावती नदीकाठी जांभ्या दगडात कोरलेली चित्रे आहेत. तशा जागांवर लिहिणारे हौशी लोक मला अशाच तळटिपांतून मिळाले.

आणि कागद विसरू नका. दिवाळी अंकांत लेखकपरिचय असतो, त्यात हल्ली ईमेल असते, कधी ब्लॉगचा पत्ताही. पाटो, पणजीला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ पासूनची परंपरा असलेल्या त्या ग्रंथालयात एक पावसाळी दुपार जुन्या अंकांबरोबर काढली तर पाच-सहा नावे हमखास मिळतात. ती नावे घरी येऊन शोधायची. नाट्यप्रयोगांवर, म्हणजे जत्रेच्या रात्री देवळासमोर होणाऱ्या आपल्या हौशी नाटकांवर, कोणी जुन्या आठवणी लिहितो का हे मला कोणत्याच शोधयंत्राने सांगितले नाही. एका स्मरणिकेतल्या लेखकाच्या नावावरून सापडले.

सहावे पाऊल : पारख

मिळालेला प्रत्येक पत्ता साठवायचा नाही. ‘मित्रांनो, आजच्या या लेखात आपण जाणून घेणार आहोत’ अशी सुरुवात दिसली की मी पान बंद करतो. कदाचित यात एखादा भला माणूसही सुटत असेल, चालेल.

मी बघतो ते हे. फोटो स्वतःचे आहेत का? टेबल तेच, भिंत तीच, कोपऱ्यात तेच मांजर, हे दिसले की जीव भांड्यात पडतो. चूक कबूल केलेली आहे का? ‘मागच्या आठवड्यात मी हे चुकीचे लिहिले होते’ हे वाक्य दुकानदार लिहीत नाही, यंत्र तर नाहीच. लेखनात ठिकाण आणि ऋतू आहे का? ‘यंदा माणकुराद उशिरा आला’ असे लिहिणारा कुठेतरी झाडाखाली उभा आहे. आणि शेवटी, वस्तू विकत घ्यायचा दुवा प्रत्येक परिच्छेदात आहे का? एखाददुसरा असेल तर हरकत नाही, माणसाला होस्टिंगचे पैसे द्यावे लागतात.

तारीख मात्र मी फारशी मनावर घेत नाही. ‘२०१४ नंतर काही नाही’ म्हणून ब्लॉग टाकून देणारे पाहिले की वाईट वाटते. ईएल ८४ व्हॉल्व्ह २०१४ मध्ये जसा होता तसाच आजही आहे.

जिवावर बेतणाऱ्या विषयांत पारखही पुरी पडत नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओत दोन-तीनशे व्होल्ट दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ टिकतो. अळम्यांचे तसेच. रोयणीवर, म्हणजे वारुळावर, येणारी अळमी पिढ्यान्‌पिढ्या खाणारी माणसे गावात आहेत. त्यांच्यापैकी कोणी हातात घेऊन पाहिल्याशिवाय नुसत्या फोटोवरून ताटात काही घेऊ नका, ब्लॉग कितीही प्रामाणिक असो. आणखी एक : जो घुबडाच्या घरट्याची किंवा दुर्मीळ ऑर्किडची नेमकी जागा नकाशावर देतो, तो ब्लॉग माझ्या यादीत येत नाही.

सातवे पाऊल : फीड

सापडलेले ब्लॉग लक्षात ठेवून उघडायचे म्हटले तर महिन्याभरात सगळे विसरते. त्यासाठी फीड आहे. आरएसएस नावाचा त्याचा साचा १९९९ मध्ये आला. ब्लॉगवर नवे काही आले की ते तुमच्या वाचनपेटीत आपोआप येऊन पडते, मधे कोणाचा अल्गोरिदम नसतो. गुगलचा रीडर २००५ मध्ये आला आणि १ जुलै २०१३ ला बंद झाला, तेव्हा अनेकांना वाटले की फीडच संपले. फीड कुठे गेले नव्हते. बंद झाली ती एक पेटी.

आज फीडली आणि इनोरीडर ब्राउझरमध्ये चालतात आणि दोन्ही फुकटात सुरू करता येतात. आयफोन किंवा मॅक असेल तर नेटन्यूजवायर, अँड्रॉइडवर फीडर, संगणकावर थंडरबर्डमध्येही फीड वाचता येते. यांतले एक घ्या, कोणते ते महत्त्वाचे नाही. ‘जोडा’ दाबून ब्लॉगचा साधा पत्ता चिकटवा. फीड रीडर स्वतःच शोधून काढतो. नाहीच सापडले तर हाताने : ब्लॉगरच्या पत्त्यापुढे रोमन अक्षरांत ‘फीड्स’, ‘पोस्ट्स’ आणि ‘डिफॉल्ट’ हे तीन शब्द तिरप्या रेघांनी जोडून, वर्डप्रेसला नुसते ‘फीड’ पुरते, एकवचनी.

दोन बारक्या युक्त्या. काही माणसे पाच विषयांवर लिहितात आणि आपल्याला त्यातला एकच हवा असतो. वर्डप्रेसवर टॅगच्या किंवा वर्गाच्या पानाच्या पत्त्यापुढे ‘फीड’ जोडले की तेवढाच विषय येतो. नातवंडांचे वाढदिवस गळतात. दुसरी, ब्लॉगरच्या फीड-पत्त्यात ‘पोस्ट्स’च्या जागी ‘कॉमेंट्स’ घातले तर त्या ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया येत राहतात, आणि मघाशी सांगितलेले ते तीन ओळींची दुरुस्ती सुचवणारे लोक घरबसल्या भेटतात.

संख्येवर लगाम हवा. पहिल्या उत्साहात मी दोनशेच्या वर फीड भरले आणि चतुर्थीच्या बाजारातल्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या, फळांसारखा ढीग साचला. आठवडाभरात पेटी उघडायची भीती वाटू लागली. बातम्यांची संकेतस्थळे सगळी काढून टाकली तेव्हा श्वास मोकळा झाला. महिन्यातून एकदा लिहिणारे पन्नास जण सहज झेपतात. दिवसातून दहा वेळा लिहिणारा एकही झेपत नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी रीडरच्या सेटिंगमध्ये जाऊन यादी ‘ओपीएमएल’ फाइलमध्ये उतरवून घ्या आणि स्वतःकडे ठेवा. कोणताही रीडर ही फाइल वाचतो, त्यामुळे दुकान बदलले तरी सामान बरोबर येते. लेख नंतरसाठी साठवणारे ‘पॉकेट’ २०२५ मध्ये बंद झाले. ज्यांनी सगळे तिथेच ठेवले होते त्यांना धावपळ करावी लागली. मी आवडलेला लेख थेट पीडीएफ करून ठेवतो. जून-जुलैत आमच्याकडे वादळी रात्री वीज जाते, नेट जाते, आणि मोबाइलमध्ये साठवलेले ते लेखच वाचायला उरतात.

आठवे पाऊल : चिठ्ठी लिहा

हे बहुतेक जण टाळतात. अशा ब्लॉगांना वाचक थोडे असतात. चार ओळींची ईमेल आली तर लिहिणाऱ्याचा आठवडा उजळतो. नुसते ‘छान लिहिता’ नको. कोणता लेख वाचला, त्याचा काय उपयोग झाला, कुठे अडलो, आणि शेवटी एक प्रश्न : तुम्ही स्वतः कोणाला वाचता?

मी रेडिओवाल्यांना लिहिले. पत्ता जुना, लेख २०११ चा, उत्तराची आशा नव्हती. तीन आठवड्यांनी आले. त्यांनी आधी झाडले : ‘इतक्या वर्षांनी सरळ प्लग लावलात? आधी एक साधा बल्ब संचाच्या मालिकेत (सिरीजमध्ये) जोडायचा, बल्ब लखलखीत पेटला तर आत शॉर्ट आहे समजायचे.’ मग कोणता कंडेन्सर बदलायचा ते लिहिले आणि खाली सात पत्ते. त्यातला एक कोकणी-मराठी मिसळून लिहिणाऱ्या, घुमटावर चामडे चढवण्याच्या पद्धती नोंदवणाऱ्या माणसाचा निघाला. राहायला माझ्यापासून दोन बसथांबे पलीकडे.

स्वतःचा ब्लॉग असला तर त्यावर एक ‘दुवे’ पान लावा; नसला तर साध्या कागदावर यादी ठेवा आणि मागेल त्याला द्या. पत्त्यासमोर एक ओळ लिहायची, माणूस काय लिहितो आणि आपण तिथे कुठून पोहोचलो. माझ्या यादीत सध्या एकेचाळीस पत्ते आहेत, त्यातले बारा गप्प झालेले. ते काढलेले नाहीत. प्रत्येकापुढे वेबॅक मशीनचा दुवा लावला आहे, कारण त्यांच्या उजव्या पट्ट्या अजून वाचून व्हायच्या आहेत.